एडिस्टनचं दीपगृह: अर्धं समुद्रात, अर्धं जमिनीवर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या प्लिमथ शहरात 'हो' नावाचं एक मोकळं माळरान आहे. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा २२ मीटर उंचीचा एक बुरुज उभा आहे. नाव स्मीटन्स टॉवर. पर्यटक तिकीट काढून ९३ पायऱ्या चढतात, वरच्या काचघरातून खाडी बघतात आणि 'जुनं दीपगृह पाहिलं' म्हणून परततात. पण पाहिलेलं असतं ते अर्धंच. या बुरुजाचा वरचा भाग १७५९ सालचा, खरा. खालचा उतरता पाया मात्र १८८० च्या दशकात नव्याने बांधलेला. मूळ पाया प्लिमथपासून सुमारे २२ किलोमीटरवर, भर समुद्रात, एडिस्टन नावाच्या खडकावर अजून जागच्या जागी आहे. आणि ज्या करामतीसाठी हे दीपगृह स्थापत्याच्या इतिहासात गेलं, ती सगळी त्या समुद्रातल्या अर्ध्यात आहे.

ही फाळणी का झाली हे कळायला बुरुज कसा बांधला होता ते आधी बघावं लागतं. मग जतनाचे प्रश्न आपोआप समोर येतात.

खडक आणि आधीचे दोन बुरुज

एडिस्टन म्हणजे अतिशय कठीण, तांबूस नाइस जातीच्या खडकांचा एक पुंजका. भरतीला जवळजवळ सगळाच बुडतो, ओहोटीला थोडा डोकं काढतो. अटलांटिकवरून येणारी लाट मध्ये काहीही आडवं न येता इथे आपटते. प्लिमथ हे आरमाराचं बंदर, त्यामुळे जहाजांची ये-जा सतत आणि वाटेत नेमका हा खडक.

पहिला बुरुज हेन्री विन्स्टन्लीचा. १६९६ च्या उन्हाळ्यात त्याने खडकात बारा भोकं पाडून लोखंडी कांबी बसवल्या आणि एवढ्यावर तो हंगाम संपला. १६९७ मध्ये फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने त्याला कामावरूनच उचलून नेलं. चौदाव्या लुईने मात्र त्याला परत पाठवलं, कारण दीपगृह फ्रेंच जहाजांच्याही उपयोगाचं होतं. नोव्हेंबर १६९८ मध्ये दिवा लागला. खुल्या समुद्रातल्या खडकावर लागलेला तो पहिला दिवा. बुरुज बहुकोनी, नक्षीदार, सज्जे आणि कठडे असलेला होता. लाटेला धरायला जागोजागी कोपरे मिळत होते असंही म्हणता येईल. १७०३ च्या नोव्हेंबरमधल्या महावादळात तो पूर्ण नाहीसा झाला. विन्स्टन्ली दुरुस्तीसाठी त्या रात्री तिथेच होता. तोही गेला.

दुसरा बुरुज जॉन रुडयर्डचा, १७०९ चा. हा रेशमाचा व्यापारी. त्याने कोपरे काढून टाकले आणि जहाजबांधणीतल्या कारागिरांकडून गुळगुळीत लाकडी शंकू उभा केला, पोटात वजनासाठी दगडाचे थर. हा बुरुज साडेचार दशकांहून जास्त टिकला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा त्रास कायमचा होता, पण शेवट वेगळाच झाला. २ डिसेंबर १७५५ च्या रात्री दिव्याच्या खोलीचं छत पेटलं आणि आग वरून खाली उतरत गेली. राखणदार हेन्री हॉल वर पाणी फेकत असताना छपराचं वितळलेलं शिसं त्याच्या तोंडात गेलं. तो ९४ वर्षांचा होता. बारा दिवसांनी तो वारला, आणि त्याच्या पोटातून निघालेला शिशाचा गोळा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे.

या दोन अनुभवांतून पुढच्या माणसाला मिळालं ते एवढं: आकार गोल हवा, वजन हवं आणि लाकूड नको. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्षांनी काम सुचवलं जॉन स्मीटनला. तो लीड्सकडचा, मुळात शास्त्रीय उपकरणं बनवणारा, वय बत्तिशीच्या आसपास.

लाट दगडाला नेमकं काय करते

'जड दगड रचले की झालं' असा सर्वसाधारण समज असतो. आकडे बघितले की तो टिकत नाही.

एक घनमीटर ग्रॅनाइट हवेत सुमारे २.६५ टन भरतो. तोच समुद्राच्या पाण्यात बुडाला की बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन वजा होतं, राहतात साधारण १.६ टन. खालच्या दगडाशी होणारं घर्षण धरलं तर त्याला आडवं सरकवायला एक टनाच्या आसपास जोर पुरतो. आता लाटेचा जोर. स्मीटननंतर बऱ्याच वर्षांनी, १८४० च्या दशकात, टॉमस स्टीव्हन्सनने स्कॉटलंडच्या स्केरीव्होर खडकावर स्प्रिंग बसवलेलं यंत्र ठेवून तो मोजला. सर्वात मोठा आकडा दर चौरस फुटाला ६,०८३ पौंड आला, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ३० टन. नुसत्या वजनावर बसवलेला सुटा दगड यापुढे टिकायचा नाही.

शिवाय समोरून बसणारा धक्का हा अर्धाच त्रास. उरलेला अर्धा दरजेतून येतो. दोन दगडांमधली दरज उघडी असेल तर लाट आपटताना पाणी दाबाखाली आत घुसतं आणि आतली हवाही दाबली जाते. लाट मागे सरते तेव्हा बाहेरचा दाब एकदम उतरतो, आतला मात्र तसाच असतो. परिणामी दगड आतून बाहेर ढकलला जातो. समुद्रातल्या बांधकामाचे दगड पुष्कळदा आत ढासळण्याऐवजी बाहेर निखळून पडलेले दिसतात, ते यामुळे. तेव्हा कामं दोन होती: कुठलाही दगड एकट्याने हलू नये अशी अडकवण, आणि पाण्याखाली घट्ट होणारा चुना. स्मीटनची खरी कमाई या दोन गोष्टींत आहे. ओकच्या झाडाच्या बुंध्यावरून त्याने आकार घेतला ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती खोटीही नाही, पण झाडाचा आकार देऊन सुटे दगड रचले असते तर पहिल्याच हिवाळ्यात सगळं वाहून गेलं असतं.

अडकवण

खडक नैर्ऋत्येकडे, म्हणजे नेमका लाटांच्या दिशेला, उतरता होता. उतारावर बांधलं तर बुरुज घसरणार. म्हणून आधी खडकच छिन्नीने कापून सहा सपाट पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीच्या मागच्या कडेला डव्हटेल खाचा कोरल्या. सुतार पेटीच्या कोपऱ्यात करतो तसलीच ही खाच, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे बसलेला तुकडा ओढून निघत नाही. खालच्या थरांचे दगड याच खाचांमध्ये बसवले. १२ जून १७५७ ला पहिला दगड बसला, सव्वादोन टनांचा. पहिल्या थरात एकूण चारच दगड होते, कारण सर्वात खालची पायरी तेवढीच होती. सहा थरांनी सगळ्या पायऱ्या भरून निघाल्या आणि सातवा थर पहिल्यांदा पूर्ण गोल झाला.

त्यापुढे प्रत्येक थर म्हणजे दगडांचं एक कोडं. मध्ये एक मोठा दगड, त्याच्या चार बाजूंना खाचा, त्यात चार दगड, त्यांच्याभोवती आणखी कडं, असं बाहेरपर्यंत. प्रत्येक दगड शेजाऱ्यांत डव्हटेलने अडकलेला. एक दगड आडवा ओढायचा तर अख्खा थर ओढावा लागेल. आता थरावर थर घसरू नये म्हणून दोन थरांच्या मध्ये संगमरवराचे चौकोनी गट्टू घातले, केंद्रात एक मोठा आणि भोवती आठ लहान. गट्टूचा अर्धा भाग खालच्या थरात, अर्धा वरच्यात.

एवढं करूनही एक अडचण राहते. चुना पक्का व्हायला वेळ लागतो आणि पुढची भरती काही तासांवर असते. त्यावरचा उपाय साधा होता. प्रत्येक दगडाला किनाऱ्यावरच आरपार दोन भोकं पाडून आणायची. दगड जागेवर बसला की त्याच भोकांतून खालच्या दगडात आणखी भोक घ्यायचं आणि ओकच्या खुंट्या ठोकायच्या. बाजूच्या खोबणीत ओकच्याच पाचरी. लाकूड भिजून फुगतं आणि दगड आवळून धरतं. हे कायमचं बंधन नव्हतं, चुना धरेपर्यंतची सोय होती. पाणी चढायला लागलं की ताज्या दरजांवर वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात फिरवायचा, म्हणजे आतला चुना धुपत नाही. प्लास्टर दोन-चार भरत्यांत गेलं तरी चालतं. तोवर त्याचं काम झालेलं असतं.

दगडांची निवडही बघण्यासारखी आहे. बाहेरच्या अंगाला कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट, आत पोर्टलंडचा चुनखडक. पोर्टलंडचा दगड घडवायला सोपा, त्यामुळे डव्हटेल लवकर निघतात. मग सगळाच तो का नाही वापरला? प्लिमथच्या पाण्यात बसवलेल्या अशा दगडांना समुद्री शिंपल्यांनी भोकं पाडलेली स्मीटनने बघितली होती. चुनखडक हे प्राणी पोखरतात, ग्रॅनाइटला त्यांचं काही चालत नाही. म्हणून मऊ दगड आत, कठीण बाहेर.

जिना सोडला तर खालचे थर पूर्ण भरीव होते. त्यावर खोल्या. तिथे भिंत एका दगडाच्या जाडीची, प्रत्येक कड्यात १६ दगड, ते एकमेकांना लोखंडी कड्यांनी जोडलेले. खोल्यांच्या कमानदार तक्तपोशीचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. त्याला आवळायला भिंतीत गोल खोबण करून त्यात लोखंडी साखळी घातली आणि वरून शिसं ओतलं, म्हणजे पाणी लोखंडापर्यंत पोचू नये. एकूण दगड १,४९३. बुडाशी व्यास ७.९ मीटर, वर ५.२.

चुना

साधा चुना कसा घट्ट होतो? चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कर्बवायू निघून जातो. त्यावर पाणी घातलं की चुना फुलतो. हा विरवलेला चुना हवेतला कर्बवायू परत शोषून दगड बनतो. म्हणजे त्याला हवा लागते. पाण्याखाली तो वर्षभर ठेवला तरी लोण्यासारखा मऊ राहील.

त्या काळी समज असा होता की जितका दगड कठीण तितका चुना चांगला. स्मीटनने वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडक आणून भाजले, लहान गोळे केले आणि पाण्यात टाकून बघितले. दगडाच्या कठीणपणाचा काही संबंध दिसेना. मग त्याने दगडाचे तुकडे नायट्रिक आम्लात विरघळवले. शुद्ध चुनखडक सगळाच विरघळतो. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अबरथॉचा निळसर दगड विरघळल्यावर तळाशी गाळ राहिला. तो गाळ चिकणमाती निघाला, आणि पाण्यात घट्ट होणारा चुना नेमका याच दगडाचा होता. कारण आज आपल्याला माहीत आहे: मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना भट्टीत चुन्याशी संयोग पावतात, आणि तयार होणारे पदार्थ हवेशिवाय, नुसत्या पाण्याने घट्ट होतात. स्मीटनला हे रसायन माहीत नव्हतं. कुठला दगड निवडायचा हे मात्र त्याला पक्कं कळलं, आणि सिमेंटच्या पुढच्या शोधांची वाट इथून जाते. जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं ते १८२४ मध्ये.

एडिस्टनवर वापरलेलं मिश्रण असं: अबरथॉचा चुना एक भाग, इटलीतल्या चिव्हितावेक्क्याची पोझोलाना एक भाग. पोझोलाना म्हणजे ज्वालामुखीची राख, तिच्यातली सिलिका चुन्याशी थंडपणीच संयोग करते. दोन्ही कोरडे मोजून खडकावर न्यायचे, दगड बसवायच्या ऐनवेळी थोडं पाणी घालून बादलीत खूप घोटायचे. जास्त पाणी घातलं की चुना आकसतो आणि दरज उघडते. घोटण्यात कसूर केली तर कोरड्या गाठी राहतात.

आपल्याकडच्या गवंड्याला यात नवल वाटायचं कारण नाही. चुन्याच्या घाण्यात सुरखी घालून मळायची रीत जुनीच आहे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, आणि भाजलेली माती राखेसारखंच काम करते. ओल असलेल्या जागी, विहिरीला, हौदाला सुरखीचा चुना वापरतात तो याच कारणाने.

वेळेचा हिशेब

सगळ्यात कठीण गोष्ट दगड बसवणं नव्हती, खडकावर पाय ठेवणं होती. उन्हाळ्याच्या हंगामात, वारा मानवेल तेव्हा, ओहोटीच्या आगेमागे काही तास. तीन वर्षांहून जास्त चाललेल्या कामात खडकावरचा प्रत्यक्ष वेळ एकत्र केला तर जेमतेम १६ आठवडे भरतात. म्हणून जे किनाऱ्यावर करता येईल ते सगळं किनाऱ्यावर केलं. प्लिमथच्या मिलबे आवारात प्रत्येक थर आधी पूर्ण जुळवायचा, चुकलेली डव्हटेल तिथेच तासायची, खुणा करायच्या, मग सुटा करून होडीत भरायचा. खडकाजवळ एक जहाज नांगरून ठेवलं होतं, त्यावर माणसं राहत. दोन टोळ्या आठवड्याला आलटून पालटून. बरेच मजूर कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतले. आरमार तेव्हा बंदरांतून माणसं जबरदस्तीने पकडून नेई. आपल्या मजुरांना कोणी उचलू नये म्हणून त्यांना ओळखीचे बिल्ले दिले होते.

१६ ऑक्टोबर १७५९ ला दिवा लागला. दिवा म्हणजे २४ मेणबत्त्या, मागे आरसा नाही, पुढे भिंग नाही. काजळी काढायची आठवण राहावी म्हणून दर अर्ध्या तासाला एक ठोका देणारं घड्याळ होतं. १८१० मध्ये परावर्तक असलेले तेलाचे दिवे आले आणि १८४५ मध्ये फ्रेनेल भिंग. प्रकाशाच्या दृष्टीने हा बुरुज पहिली पन्नास वर्षं कामचलाऊच होता असं म्हटलं पाहिजे.

बुरुज शाबूत, खडक पोकळ

बुरुजाला त्रास झाला तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला वरती. बुडाशी फाकलेला आकार वजनाला चांगला, पण लाटेला तो वर चढायला उतार देतो. वर धावणारं पाणी दिव्यावर जाऊ नये म्हणून स्मीटनने माथ्याशी दगडी कंगणी बाहेर काढली होती. लाट खालून त्या कंगणीला ठोसे मारू लागली. भिंती वरून येणारं वजन पेलायला बांधलेल्या होत्या, वर उचलणाऱ्या जोराला नाही. १८३९ आणि १८६५ मध्ये आतून लोखंडी ताण घालून माथा खालच्या भरीव भागाशी बांधावा लागला, आणि दुसऱ्या खेपेला कंगणीही आत तासली. बाहेर काढलेल्या कुठल्याही पट्टीला खालून मार बसतो, हे समुद्रातल्या बांधकामात विसरून चालत नाही.

दुसरा खाली. १८७७ पर्यंत लक्षात आलं की ज्या खडकावर बुरुज उभा आहे तो खडकच पाण्याने खालून खाल्ला आहे. मोठ्या लाटेसरशी बुरुज हलत असे. शिवाय उडणाऱ्या पाण्याने दिवा अधूनमधून झाकला जाई. ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या संस्थेने नवा बुरुज बांधायचं ठरवलं.

जेम्स डग्लसने जवळच, सुमारे ४० मीटरवरचा दुसरा खडक निवडला. त्याच्या पायाचा काही भाग ओहोटीच्या पातळीखाली होता, म्हणून भोवती बांध घालून पाणी उपसत काम करावं लागलं. डग्लसने स्मीटनची अडकवण घेतली आणि पुढे नेली: दगड आडवेही अडकलेले आणि वरखालीही. आकारात मात्र त्याने स्मीटनला सोडलं. बुडाशी फाकवण्याऐवजी ४४ फूट व्यासाचा, २२ फूट उंचीचा सरळ भिंतीचा भरीव चौथरा केला आणि त्यावर बुरुज उभारला. लाट चौथऱ्यावर आपटून तिथेच फुटते, वर चढत नाही, आणि माणसांना उतरायला ओटा मिळतो. उंची ४९ मीटर, दगड २,१७१, दिवा लागला १८ मे १८८२ ला. आज एडिस्टनवर काम करतो तो हाच बुरुज.

उतरवणं आणि पुन्हा उभारणं

जुना बुरुज तसाच ठेवला असता तर एखाद्या वादळात तो नव्यावर कोसळण्याची भीती होती, म्हणून तो उतरवायचा ठरला. प्लिमथच्या लोकांनी वर्गणी काढून तो शहरात मागून घेतला. काम बघितलं डग्लसच्या मुलाने, विल्यमने. वरून एकेक थर सोडवायचा, दगड होडीत, होडी किनाऱ्यावर, आणि तिथे नव्या ग्रॅनाइटच्या पायावर उलट्या क्रमाने रचायचा. २४ सप्टेंबर १८८४ ला तो लोकांसाठी खुला झाला.

खोल्या आणि काचघर आलं. भरीव बूड आलं नाही. दगडात दगड अडकवून, सव्वाशे वर्षं मुरलेल्या चुन्याने एकजीव झालेला तो भाग फोडल्याशिवाय सुटा होणं कठीणच होतं, आणि फोडायचा तर मग जपायचं काय? तो राहिला. खालून पोकळ झालेल्या त्या खडकावर तो बुंधा एकशे चाळीस वर्षांनंतरही उभा आहे. यावरून डग्लस चुकला असं कोणी म्हणतं, पण तो हिशेब बरोबर नाही. वरचं वजन आणि उंची गेली की लाटेचा उलथवणारा जोर खूपच कमी होतो. बुंधा टिकला म्हणून पूर्ण बुरुजही टिकला असता, असं निघत नाही.

वारसा म्हणून मात्र हा सौदा थोडा उलटाच झाला. 'हो'वरचा बुरुज इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या संरक्षित इमारतींत आहे, आणि खोल्या, शिडीसारखे जिने, काचघर ही सगळी राहणीची बाजू तिथे बघायला मिळते. डव्हटेल, गट्टू, खुंट्या यांपैकी काहीही दिसत नाही.

अशा बुरुजांची निगा

जमिनीवर आलेल्या बुरुजाला लाटांचा मार नसतो. खारं वारं, पाऊस आणि लोखंड यांचा असतो. चुकीची दुरुस्ती यांत भर घालते.

सर्वात नेहमीची चूक म्हणजे चुन्याच्या दरजा सिमेंटने भरणं. सिमेंट दगडाइतकं, कधी त्याहून कठीण होतं आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. मग भिंतीतली ओल दगडातून बाहेर पडू बघते, मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरज शाबूत आणि दगड खचलेला, असं दृश्य दिसलं की आत सिमेंट आहे असं समजायला हरकत नाही. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ हवी, कारण झीज दरजेची झालेली परवडते.

दरजा भरायचं काम असं चालतं. जुना भराव हातछिन्नीने काढायचा, चक्रीच्या यंत्राने नाही, कारण यंत्र दगडाच्या कडा खातं. खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट. आतली धूळ गोड्या पाण्याने धुवायची आणि दगड ओला ठेवायचा, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी पिऊन घेतो आणि भराव भुसभुशीत होतो. उघड्या सागरी जागी पाण्यात घट्ट होणाऱ्या नैसर्गिक चुन्याची सर्वात पक्की जात वापरतात, एका भागाला दोन ते अडीच भाग धुतलेली टोकदार कणांची वाळू. समुद्राची वाळू चालत नाही, मीठ आपल्याच हाताने आत जातं. भराव थराथराने दाबून घालायचा, अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की ताठ कुंच्याने ठोकायचा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकायचा. पारा पाच अंशांखाली असेल तर काम थांबवायचं.

लोखंडाचा प्रश्न जास्त कपटी आहे. दगड जोडणारी कडी गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. बाहेर बारीक तडा आणि तांबूस ओघळ दिसतो तेव्हा आत बरंच झालेलं असतं. अशा तड्यावर नुसता गिलावा फासणं म्हणजे पुढच्या तड्याची तयारी. दगड उघडून कडी काढावी लागते, तिच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाची बसवायची. शिशात नीट बुडवलेलं लोखंड पुष्कळदा चांगलं निघतं. स्मीटनच्या शिशाचा अर्थ तिथे कळतो.

समुद्रातल्या चालू दीपगृहांचा त्रास वेगळा. एडिस्टनच्या माथ्यावर १९८० मध्ये हेलिकॉप्टर उतरायला जागा केली आणि १८ मे १९८२ ला, बरोबर शंभर वर्षांनी, दीपगृह स्वयंचलित झालं. ट्रिनिटी हाउसच्या समुद्रातल्या दीपगृहांत हे पहिलं. १९९९ पासून ते सौर ऊर्जेवर चालतं. दर दहा सेकंदांना दोन पांढरे झोत, १७ सागरी मैलांवरून दिसतात. पण माणसं गेली की चूल गेली, दारं-खिडक्यांची उघडझाप गेली. थंड दगडावर आतल्या हवेतलं पाणी साचतं, लाकडाला बुरशी येते, रंग सुटतो, विद्युत जोडण्या हिरव्या पडतात. कारण बाहेरचं पाणी नसून आतली कोंडलेली हवा असते, म्हणून बाहेरून कितीही जलरोधक लेप दिला तरी फरक पडत नाही. खाली आणि वर झरोके मोकळे ठेवून हवा खेळती करावी लागते. जुन्या फिरत्या भिंगांचा आणखी एक धोका असतो: टनावारी काच हलकी फिरावी म्हणून ती पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवत. पाऱ्याची वाफ विषारी, त्यामुळे अशा काचघरात काम सुरू करण्याआधी पारा तपासून काढणं भाग असतं.

मुंबईच्या कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, पाण्यात शिरलेल्या खडकाळ भागावर १८७५ चं प्राँग्ज दीपगृह आहे. टॉमस ऑर्मिस्टनने बांधलेला हा गोल दगडी बुरुज, उधाणाच्या ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. परिसर नौदलाचा असल्याने परवानगी लागते, आणि भरतीची वेळ कोष्टकात बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. परवानगी मिळालीच तर दिवा मागाहून बघा. आधी भरतीच्या रेषेच्या आसपासच्या दरजा बघा. भराव पांढरट आणि नखाने किंचित खरवडणारा असेल तर तो चुन्याचा. करडा, काचेसारखा कठीण आणि कडेने दगडापासून सुटलेला असेल तर ती नंतरची सिमेंटची दुरुस्ती, आणि तिच्या लगतच्या दगडांवर पापुद्रे सुटलेत का ते तिथल्या तिथे तपासून घ्या.